पिसवांचे बिऱ्हाड

मांजर-कुत्री पाळणाऱ्या घरांत एक वाक्य कधी ना कधी ऐकू येतेच : “आधी ती जनावरे घराबाहेर काढा!” पुष्कळदा त्यामागचे कारण असते पिसवा. मुलांच्या घोट्यांवर तांबड्या गांध्या उठतात, सर्वांची झोप उडते आणि सारा दोष मुक्या जनावराच्या माथी बसतो. पण पिसवांचे खरे बिऱ्हाड जनावराच्या अंगावर थोडे आणि आपल्या घरातच जास्त असते!

आमच्याकडे मनी मांजर आणि मोती कुत्रा, अशी जोडी आहे. गेल्या वर्षी आषाढात सासूबाईंनी नातवाचे पाय पाहिले आणि फर्मान सोडले, “दसऱ्यापर्यंत पिसवा गेल्या नाहीत, तर या दोघांची रवानगी!” त्यांचेही चूक नव्हते. मी दोघांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी मोतीच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकताच भोवती तांबूस डाग पसरला. “ही माती नव्हे, वहिनी. ही पिसूची विष्ठा, म्हणजे सुकलेले रक्त!” ही परीक्षा कोणालाही घरी करता येईल.

मग त्यांनी पिसूचा संसार समजावून सांगितला. कुत्र्याच्या अंगावरही बहुधा मांजराचीच पिसू असते. मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती अंडी केसांतून ओघळून सतरंजीवर, पायपुसण्यावर, फरशीच्या फटीत पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात आणि त्याच सुकलेल्या रक्तावर वाढतात. पुढे त्या कोष विणून आत बसतात. ढोबळ हिशेब असा की, शंभरांतल्या पाचच पिसवा जनावराच्या अंगावर असतात. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने घरात! नुसत्या जनावराला आंघोळ घालून भागत नाही, ते यामुळेच.

औषधाबद्दल मात्र फार जपायला हवे. आमच्या शेजारणीने मोठ्या मायेने आपल्या कुत्र्याच्या औषधाची कुपी आणून दिली होती, “मनीलाही दोन थेंब लाव” म्हणून. डॉक्टरांनी ती पाहताच बाजूला ठेवली. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, प्राणही जातो. म्हणून मांजराला मांजराचेच औषध आणि तेही वजन पाहून द्यावे. रॉकेल, फिनेल अंगाला चोळणे किंवा लसूण खाऊ घालणे, हे उपायही घातकच. अगदी लहान पिलांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही लावू नये. फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. पिलांकडे दुर्लक्षही नको. पिसवा फार झाल्या, तर रक्त कमी होऊन त्यांच्या हिरड्या पांढुरक्या पडतात आणि ती दगावतातही.

आम्ही घरातल्या दोन्ही जनावरांना एकाच दिवशी औषध लावले आणि ते दर महिन्याला, तीन महिने चालू ठेवले. त्यांची अंथरुणे दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवली. पलंगाखाली, सोफ्याच्या खाचांत व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. त्यातली धूळ लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकली.

तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसल्या. सासूबाई म्हणाल्या, “बघ, मी सांगत होते!” पण डॉक्टरांनी हेही आधीच बजावले होते. कोषातल्या पिसवेला बहुतेक औषधे शिवत नाहीत. ती महिनोन्‌महिने दबा धरून बसते आणि पावलांचा कंप, अंगाची ऊब किंवा श्वास जाणवला की बाहेर उडी घेते. सुटीनंतर बंद घर उघडताच पिसवा तुटून पडतात, ते याचमुळे. तेव्हा मध्येच हात टेकणे, हीच पिसवांना मिळणारी सवलत!

पिसू हा क्षुल्लक जीव नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा तो कसा पसरतो हे ठाऊक नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरच्या पिसूकडे बोट दाखवले आणि पुढे कित्येक वर्षे लोकांना ते पटले नाही. मनी-मोतीवरची पिसू निराळ्या जातीची. तिचा असा धसका नको. मात्र तिच्यामार्फत जनावरांना पट्टकृमी होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर जंतांचे औषधही विचारून घ्यावे.

दसऱ्याच्या दिवशी फणी स्वच्छ निघाली, ओला कागद पांढराच राहिला. फर्मान आपोआप रद्द झाले. आता मोतीची फणी सासूबाईंच्याच ताब्यात असते.

दिवाळीची झाडलोट आपण करतोच. यंदा माळ्याबरोबर मांजराच्या आवडत्या कोपऱ्यातूनही झाडू फिरवा. घराबाहेर काढायचे आहे ते तिथेच दडलेले असते. मांजर बिचारे घरातलेच आहे.