वाहत्या पाण्याची राखण

दिल्लीच्या चांदणी चौकातून एके काळी कालवा वाहत असे, असे सांगितले तर आजच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला ते खरे वाटणार नाही. पण शाहजहानच्या राजधानीत यमुनेचे पाणी याच रस्त्याने खेळत होते. लाल किल्ल्यातले महाल, हमामखाने आणि बागा यांनाही कालव्याचेच पाणी मिळे.

या कालव्याचा मूळ धनी शाहजहान नव्हे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने हिसारकडे पाणी नेण्यासाठी तो काढला. त्याच्यामागे कालवा गाळाने भरला. सोळाव्या शतकात अकबराच्या अमलात त्याची दुरुस्ती झाली आणि सतराव्या शतकात शाहजहानने त्याची शाखा दिल्लीपर्यंत आणली. या कामाशी अली मर्दान खान याचे नाव जोडले जाते.

एकच कालवा पुन्हा पुन्हा का दुरुस्त करावा लागला? पावसाळ्यात यमुना गढूळ होते. कालव्यात पाण्याचा वेग मंदावला की गाळ खाली बसतो, तळ वर येतो, काठ फुटतात. म्हणून दरवर्षी गाळ काढावा लागतो. त्यासाठी पैसा हवा, मजूर हवेत आणि वरच्या अंगाला कुणी पाणी अडवले तर त्याला आवरणारा अंमलही हवा. यातले काहीही कमी पडले की आधी शेवटचे टोक कोरडे पडते. दिल्ली याच टोकाला होती!

अठराव्या शतकात बादशहाची सत्ता खिळखिळी झाली आणि दिल्लीचे पाणी बंद झाले. १७८८ नंतर तिथे महादजी शिंद्यांचा अंमल बसला, पण त्या धामधुमीच्या काळातही कालवा कोरडाच राहिला. १८०३ साली दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्यांनी दुरुस्ती करून १८२० साली पाणी शहरात आणले, तेव्हा लोकांनी ढोल वाजवत, फुले उधळत त्याचे स्वागत केले.

मात्र आनंदाला गालबोट लागले. कालव्यामुळे पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक वाटा अडल्या. जमिनी पाणथळ झाल्या, कुठे खारवटल्या आणि हिवतापाने गावे हैराण झाली. १८४७ साली एका सरकारी समितीने कालव्याकाठच्या गावकऱ्यांच्या पाणथरी तपासल्या. जिथे पाण्याचा निचरा होत नव्हता, तिथे दुखणे जास्त आढळले. पाणी आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच जादा पाण्याला वाट देणेही!

दिल्ली आजही कालव्यावर अवलंबून आहे. हरियाणातून येणाऱ्या मुनक कालव्याचे पाणी हैदरपूरच्या केंद्रात शुद्ध होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये आंदोलकांनी हा कालवा ताब्यात घेतला आणि दिल्लीतले असंख्य नळ कोरडे पडले. कालवा सोडवण्यासाठी सैन्य पाठवावे लागले. जुलै २०२४ मध्ये बवाना भागात त्याचा काठ फुटून वस्तीत पाणी शिरले.

आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत शेतकरी पिढ्यानपिढ्या एकत्र येऊन पाटाची सफाई करत आले. वरच्याला आणि शेवटच्याला ठरल्याप्रमाणे पाणी द्यायचे, हे काम पाटकऱ्याचे. बादशहांच्या कालव्यात अनेकदा गाळ साचला, पण हे पाट गावकऱ्यांनी राखले. कालवा खणणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. पाणी मात्र गाळ काढणाऱ्याच्या हातामुळेच आपल्या घागरीपर्यंत पोहोचते.