निआमेचीं मातीचीं घरें

नायजरची राजधानी निआमे येथें उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. माती गरिबांची, सिमेंट प्रतिष्ठितांचें, हा समज तेथेंही आहेच. त्या प्रतिष्ठेपायीं माणसें घरांत भाजून निघतात. मरियम इसूफू कमारा व त्यांच्या सहकारी वास्तुविशारदांनीं २०१६ सालीं तेथें सहा कुटुंबांची वसाहत उभारली. तिच्या विटा मातीच्या. दाबून घट्ट केलेल्या, परंतु न भाजलेल्या. जाड भिंतींतून ऊन आंत पोंचेपर्यंत सायंकाळ होते. टिंबक्टू, कानो, झिंदर या जुन्या नगरींत घरें अशींच एकमेकांवर सावली धरीत दाटीनें उभीं असत. कुंपणांत एकेक बैठें घर बांधून शहर पसरवीत नेण्यापेक्षां ही दाटी बरी. रस्त्याकडील भिंतींना ओटे ठेवले आहेत, कारण दारापुढें बसून चहापान व गप्पा, हा तेथील नित्याचा परिपाठ होय.