खोप्याखाली थबकलेला माणूस

पावसाळ्यात कोकणातल्या किहीमच्या एखाद्या वाडीत सुगरणीचे खोपे दिसले की झाडाखाली थांबा, मान वर करून पाहत राहा. सायकलवरून चाललेला पोरगाही बहुधा वर बघेल. तुम्ही त्याला हाक मारलेली नसते.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर हेच मोजलं आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. एकच माणूस समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे पाहत उभा राहिला, तरी ४२ टक्के वाटसरूंनी वर नजर टाकली. पंधरा जण उभे राहिले तेव्हा ८६ टक्क्यांनी. दुसऱ्याच्या नजरेमागे आपली नजर जाते. ही सवय तान्हेपणीच लागते. मला मात्र दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. एकट्या माणसापाशी थांबले फक्त ४ टक्के. पंधरा जणांपाशी ४०. नजर सहज वळते, पाय सहज थांबत नाहीत.

१९३० मध्ये बर्लिनहून शिकून परतलेले पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली किहीमला येऊन राहिले, कारण संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. इथे ते महिनोन् महिने खोप्यांखाली थांबले. मराठीत नाव 'सुगरण', पण विणकर नर! तो खोपा अर्धाच, टोपासारखा विणून ठेवतो. माद्यांचा थवा आला की सगळे नर खोप्यांना लटकून पंख फडफडवत कलकलाट करतात. मादी आत शिरून पारखते. तिला पटलं, तरच तो पुढची नळी विणतो. ती अंडी उबवायला बसली की हा दुसरा खोपा सुरू करतो. हे निरीक्षण १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे थांबणं त्यांच्यात आलं कुठून? १९०८ च्या सुमारास छर्‍याच्या बंदुकीनं मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन हा मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं होतं. मिलार्ड कामाचे माणूस. चिमणीचं नाव सांगून पोराला वाटेला लावता आलं असतं. त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडली. एकेक खण बाहेर येत गेला, आणि मुलगा पाहत राहिला.