माहितीचा कोठावळा

धुळें शहरास कागद जपण्याचा मोठा वारसा लाभला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालीं तेथेंच निवर्तले आणि पुढील वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन होऊन त्यांच्या संग्रहाचें जतन सुरू झालें. आज मात्र शेतकऱ्याचा सातबारा, व्यापाऱ्याचें बँकेंतील खातें आणि विद्यापीठाच्या परीक्षेंतील गुण हें सारें रुमालांत बांधलेलें नसतें. तें सर्व्हर नामक मोठ्या संगणकाच्या चुंबकीय तबकड्यांवर, म्हणजे डिस्कवर, लिहिलेलें असतें. तबकडी हें यंत्र आहे, आणि यंत्र केव्हांतरी बिघडतेंच. मग ही ठेव सुरक्षित कशी राहते?

हें काम स्टोरेज कंट्रोलर करतो. संगणकाचा प्रोसेसर आणि तबकड्या यांच्यामध्यें बसविलेला हा कोठावळा होय. कोणता माल कोणत्या कणगींत ठेविला, हें त्यास ठाऊक असतें.

पूर्वीच्या ‘स्कझी’ पद्धतींत आठ किंवा सोळा बिटें तितक्याच तारांवरून जोडीनें धांवत. वेग वाढला तसें तीं एकाच क्षणीं पोहोंचेनात. शिवाय सर्व तबकड्या एकाच मार्गावर असल्यामुळें एक बोलूं लागली कीं इतरांना थांबावें लागे. २००३ सालीं प्रमाण ठरलेल्या ‘सीरियल अटॅच्ड स्कझी’ अर्थात् ‘सॅस’ पद्धतींत बिटें आगगाडीच्या डब्यांप्रमाणें एकामागून एक जातात. जाण्याच्या व येण्याच्या तारा वेगळ्या. प्रत्येक तबकडीची वाटही वेगळी. आरंभीं सेकंदास ३ गिगाबिट असलेला वेग २०१३ च्या आवृत्तींत १२ गिगाबिट झाला. तबकड्या फार झाल्या तर मध्यें एक्स्पांडर बसवितात. भुसावळ जंक्शनांत मुंबई, नागपूर व इटारसी यांच्या वाटा जुळतात, तशा तो या वाटा जुळवितो.

पुष्कळ कंट्रोलर याहून मोलाचें एक काम करतात. त्याचा पाया सम-विषमाच्या हिशेबांत आहे. तीन तबकड्यांवर अनुक्रमें १, ०, १ हे आंकडे लिहिले, तर चौथीवर असा आंकडा लिहावयाचा कीं चोहोंची बेरीज सम यावी. येथें बेरीज २, म्हणून चौथा आंकडा ०. आतां पहिली तबकडी बिघडली, तर उरलेल्या ०, १, ० यांची बेरीज विषम येते. अर्थात् हरवलेला आंकडा १ च होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ सालच्या निबंधांत अशा रचना ‘रेड’ या नांवानें मांडल्या.

लिहितां लिहितां वीज गेली तर? खानदेशांत हा प्रश्न पुस्तकी नव्हे. चांगल्या कंट्रोलरजवळ बॅटरी किंवा कपॅसिटर असतो. त्याच्या बळावर अपुरें राहिलेलें लिखाण कंट्रोलरच्या स्मृतींत टिकतें आणि वीज आल्यावर तबकडीवर उतरतें.

परंतु हा कोठावळा हुकमाचा ताबेदार आहे. कारकुनानें चुकून एखादी नोंद पुसली, तर तो ती सर्व तबकड्यांवरून इमानानें पुसतो. खोलीस आग लागली, तर तबकड्यांबरोबर तोही जळतो. म्हणून एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवलीच पाहिजे. जळगांवची धुळ्यास, धुळ्याची जळगांवास. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ बावीस खंडांत छापलीं, त्यामुळें एका घरच्या दप्तरांतील पत्रें अनेक गांवीं पोहोंचलीं. यंत्र नवें असलें तरी जपणुकीचा हा नियम जुनाच आहे.