मोटारीतील ध्वनिफीत: जबलपूर ते नागपूर रस्त्यावरचे आवाज

जबलपूरहून नागपूरकडे निघालेली मोटार शहराबाहेर तिलवारा घाटाजवळ नर्मदा ओलांडते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, हा पूल मागे पडला की आमच्या मारुतीत एक गोष्ट न चुकता घडत असे. वडील आईला कॅसेटांचा डबा काढायला सांगत आणि गाडीतल्या टेपवर मराठी कॅसेट लागे. सिवनी येईपर्यंत ती बहुधा दोनदा उलटून झालेली असे.

बाहेरच्यांना यात विशेष काही वाटणार नाही. जबलपूरच्या मराठी घरातील मुलांना मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. शाळा हिंदीत, बाजार हिंदीत, शेजार हिंदीत. मराठी घरात बोलली जाई, पण सलग पाच-सहा तास, बंद काचांच्या आड, केवळ मराठीच कानावर पडण्याचा प्रसंग वर्षातून दोनदाच येत असे. एकदा मे महिन्यात लग्नसराईला आणि एकदा दिवाळीला.

हा रस्ता सुमारे २७० किलोमीटरचा आहे. लखनादौन, सिवनी, कुरईचा घाट, खवासा आणि पुढे महाराष्ट्राची हद्द. पूर्वी हा सगळा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता. नव्या क्रमांकांनुसार लखनादौनपर्यंत तो ३४ आणि तेथून नागपूरपर्यंत ४४ झाला आहे. या दोन शहरांचे नाते रस्त्याहून जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि १८१७ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. त्यानंतर मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जबलपूरचा सरकारी कारभारही नागपूरकडेच पाहत असे. रेल्वे, शासकीय कचेऱ्या आणि संरक्षण कारखाने यांतील नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबे येथे येत राहिली. राज्ये वेगळी झाल्यावर नातलग त्या बाजूला आणि घर या बाजूला, अशी स्थिती अनेकांची झाली.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून सुरू आहे. मध्यम लहरींवर ते रात्री जबलपूरला खरखरीसह लागत असे. दिवसा, चालत्या मोटारीत, इंजिनाच्या ठिणग्यांचा आवाज त्यात मिसळे आणि काही समजत नसे. त्यामुळे रस्त्यावरची मराठी कॅसेटवरच अवलंबून होती.

येथे एका शब्दाविषयी सांगणे आवश्यक आहे. बातम्यांच्या भाषांतरात कॅसेटला ‘ध्वनिफीत’ आणि तबकडीला ‘ध्वनिमुद्रिका’ म्हणण्याचा प्रघात आहे. दोन्ही शब्द नेमके आणि सुंदर आहेत. मात्र आमच्या घरी ‘ध्वनिफीत’ हा शब्द कुणी उच्चारल्याचे आठवत नाही. घरातले यंत्र ‘टेप’, गाडीतले वडिलांच्या भाषेत ‘स्टिरिओ’ आणि ते बसवणाऱ्या मिस्त्रीच्या भाषेत ‘डेक’. आत जी फिरत असे, तिला मात्र सगळे फीतच म्हणत. या लेखातही हे शब्द तसेच येतील.

कॅसेटचा जन्म १९६३ चा. फिलिप्स कंपनीतील अभियंते लू ओटेन्स यांच्या चमूने ती तयार केली आणि त्या वर्षी बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात ती मांडण्यात आली. यंत्र खिशात मावावे म्हणून ओटेन्स यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा कापून कोटाच्या खिशात घालून पाहिला होता, असे सांगितले जाते. मार्च २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की कॅसेट प्रारंभी संगीतासाठी नव्हती. मजकूर सांगणे, बोलणे टिपून ठेवणे, हा तिचा मूळ उपयोग. गाणी नंतर आली.

मोटारीत संगीत आणण्याचे प्रयत्न त्याआधीच झाले होते. १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीने मोटारीत तबकडी वाजवणारे यंत्र बसवले. खड्ड्यात सुई उडी मारणार, हे सांगायला अभियंत्याची गरज नव्हती. कॅसेटमध्ये फीत वाचक हेडवर दाबलेली असते, म्हणून धक्का बसला तरी आवाज तुटत नाही. लखनादौनच्या पुढचा तेव्हाचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या गुणाचे मोल कळेल.

आपल्याकडे त्या काळी अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेली मारुती ८०० घेतली, तरी साध्या प्रकारात टेप नसे. डॅशबोर्डवर साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच अशी एक खाच झाकलेली असे. हे माप जगभर जवळजवळ सारखेच होते, त्यामुळे जपानी डेक भारतीय मोटारीत बसे. बाजारातला मिस्त्री झाकण काढी, तारा पायपुसण्याखालून मागे नेई, मागच्या काचेखालची फळी गोल कापून दोन स्पीकर बसवी आणि बॉनेटजवळ ओढून उंच करायची एरियल लावी. आमच्याकडे हे काम एका दुपारी झाले. वडील सबंध वेळ त्या मिस्त्रीच्या बाजूला उभे होते आणि मागची फळी कापताना त्यांनी तोंड फिरवल्याचे मला स्पष्ट आठवते. नव्या गाडीला भोक पाडणे सोपे नसते.

जबलपूर हे गाड्या बनवणारे शहर, हेही जाता जाता सांगायला हवे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या येथील वाहन निर्माणीतून लष्कराचे शक्तिमान ट्रक बाहेर पडत. ‘जोंगा’ या गाडीच्या नावातील पहिले अक्षर तर जबलपूरचेच आहे. परंतु त्या लष्करी गाड्या. त्यांच्यासाठी कुणी कॅसेटांचा डबा भरत नसे.

डब्यात काय असे? विकत घेतलेल्या कॅसेटा कमी. त्यात गीतरामायण, नाट्यसंगीत, अभंग आणि नागपूरहून कुणीतरी आणलेले पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन. ही कॅसेट लागली की घाटातही कुणाला मळमळत नसे. बाकीच्या ‘भरून घेतलेल्या’. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराला दिली की दोन दिवसांत तो ती भरून देई. हे कायद्यात बसत नव्हते, पण शहराशहरांत राजरोस चाले. अमेरिकी संशोधक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट व्यवसायावर १९९३ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्यांच्या हातातील संगीत कॅसेटमुळे छोट्या निर्मात्यांकडे आणि प्रादेशिक बोलींकडे कसे गेले, याचे विवेचन त्यात आहे. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेट काढायला एक खोली पुरे.

आणि घरातल्या घरात आवाज टिपायला तर खोलीही लागत नसे. लाल बटण आणि वाजवण्याचे बटण एकत्र दाबले की झाले. येथेच या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

दूरध्वनीचे ट्रंक कॉल महाग होते, त्या काळात अनेक कुटुंबांनी एकमेकांना बोलकी पत्रे पाठवली. माझ्या आजीने १९९५ मध्ये नागपूरला राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीसाठी अशी एक कॅसेट भरली. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. मे महिन्यात आम्ही ती गाडीतून नेली. दिवाळीत ती परत आली, तेव्हा दुसऱ्या बाजूला मावशीआजीचे उत्तर होते. दोन्ही बाजू गाडीत कितीतरी वेळा ऐकल्या गेल्या. मग ती डब्यात राहिली, आणि डबा गाडीत.

फितीला गाडी मानवत नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. फीत म्हणजे पॉलिएस्टरची सुमारे चार मिलिमीटर रुंद पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि आवाज त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने साठतो. ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडसमोरून सरकते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत मे महिन्यात तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. त्या उष्णतेत प्लास्टिकचे कवच वाकते, फीत पकडणारे रबरी चाक चिकट होते आणि मग टेप कॅसेट ‘खातो’. चुण्या पडलेली फीत बाहेर ओढायची, सपाट करायची आणि षट्कोनी पेन्सिल चक्रात घालून गुंडाळायची, हा उपचार त्या पिढीतील प्रत्येक मुलाला येत होता. त्यातच आम्ही डबा मागच्या फळीवर, स्पीकरच्या शेजारी ठेवत असू. उन्हाच्या जोडीला चुंबक.

उष्णतेचा आणखी एक परिणाम फारसा कुणाला माहीत नसतो. गुंडाळलेल्या फितीचे थर एकमेकांवर बसलेले असतात, आणि एका थरातील खुणा शेजारच्या थरावर पुसट उमटतात. तापमान वाढले की हे अधिक होते. वाजवताना मग प्रत्येक मोठ्या शब्दाच्या दोन-तीन सेकंद आधी किंवा नंतर त्याच शब्दाची अस्पष्ट छाया ऐकू येते. गाण्यात ती झाकली जाते. बोलण्यात, विशेषतः बोलणारा थांबला असेल तर, लपत नाही.

या सर्वांपेक्षा मोठी हानी मात्र उन्हाने केली नाही, मी केली. १९९९ मध्ये, शाळेच्या सुट्टीत, रेडिओवरची गाणी भरून घ्यायला मला कोरी कॅसेट मिळेना. डब्यातली एक नाव न लिहिलेली कॅसेट घरच्या टेपमध्ये घातली आणि लाल बटण दाबले. एकवीस मिनिटांनी जेवायला हाक आली म्हणून बंद केले. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन लहान पट्ट्या असतात, एकेका बाजूसाठी एकेक. पट्टी मोडली की त्या बाजूवर नवे काही भरता येत नाही. विकतच्या कॅसेटवर त्या मोडलेल्याच असत. आजीच्या कॅसेटवर त्या शाबूत होत्या.

आजी २००३ मध्ये गेली. गाडी २००९ मध्ये विकली. विकण्यापूर्वी वडिलांनी डेक काढून घेतला आणि तो माळ्यावर गेला. तोवर मोटारीतील कॅसेटचा काळ संपतच आला होता. सीडी, मग पेन ड्राइव्ह, शिवाय २००५ च्या धोरणानंतर शहरोशहरी सुरू झालेल्या खासगी एफएम वाहिन्या. मधल्या काळात एक गमतीदार साधन निघाले होते: आत फीत नसलेली, तार जोडलेली कॅसेट. ती डेकमध्ये घालून दुसऱ्या यंत्रातील गाणी ऐकता येत. अमेरिकेत कॅसेट यंत्रासह कारखान्यातून आलेली शेवटची नवी मोटार म्हणून लेक्सस कंपनीच्या २०१० सालच्या एका मॉडेलचा उल्लेख केला जातो. अलीकडे कॅसेट पुन्हा शौकाची वस्तू झाली आहे, पण आता मिळणारी बहुतेक यंत्रे साधी आणि स्वस्त बांधणीची असतात. जुन्या चांगल्या यंत्रांचे पट्टे आणि रबरी चाके सुकत चालली आहेत.

डब्यातील गीतरामायणाची किंवा कथाकथनाची चिंता करण्याचे कारण नाही. ते संगणकावर, दूरध्वनीवर, कोठेही मिळते, आणि आवाज अधिक स्वच्छ मिळतो. चिंता आहे ती एकच प्रत असलेल्या कॅसेटांची. बारशाला टिपलेले बोबडे बोल, आत्याने म्हटलेल्या ओव्या, परगावच्या बहिणींची बोलकी पत्रे. त्यांची नोंद कोणत्याही ग्रंथालयात नाही. जबलपूर, सागर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथील मराठी घरांत अशा फिती निश्चितच असतील, आणि त्यांतली मराठी पुस्तकातली नसेल. माझ्या आजीच्या वाक्यात अर्धा शब्द नागपूरचा आणि अर्धा जबलपूरच्या हिंदीचा असे. भाषा हा विषय घेऊन एम.ए. केल्यावर मला कळले, की अशी नोंद मिळवायला अभ्यासक गावोगाव हिंडतात.

२०२२ मध्ये आम्ही ती कॅसेट बाहेर काढली. वडिलांची पहिली सूचना माळ्यावरचा डेक बॅटरीला जोडण्याची होती. ती आम्ही मानली नाही, आणि वाचकांनीही असे करू नये. अनेक वर्षे पडून असलेला गाडीचा डेक फीत खाण्याची शक्यता फार. घरगुती डेक दुरुस्त करून देणाऱ्याकडून त्याचा पट्टा आणि रबरी चाक बदलून घ्यावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. आधी कमी महत्त्वाची कॅसेट वाजवून पाहावी. मग मूळ कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. कवच वाकले असेल आणि ते स्क्रूचे असेल, तर फीत दुसऱ्या चांगल्या कवचात हलवता येते. आवाज दबका वाटल्यास हेडचा कोन किंचित जुळवावा लागतो, हे जाणकाराकडूनच करावे. डेकमधून तार संगणकाला जोडून दोन्ही बाजू सलग, न कापता, मूळ दर्जात साठवाव्यात. खरखर काढण्याचा मोह नंतरच्या प्रतीवर. कोण बोलते आहे आणि कधी, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण ते आवाज ओळखणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. मावशीआजीच्या बाजूवर मागे कोण हसते आहे, हे आमच्यापैकी फक्त वडिलांना सांगता आले.

पुसून गेलेला भाग परत मिळत नाही. नवे भरताना यंत्र आधी जुन्या खुणा पुसते. पहिल्या बाजूवर एकवीस मिनिटे रेडिओची गाणी आहेत, एक गाणे मध्येच तुटते आणि आजी अर्ध्या वाक्यातून बोलू लागते. पापड वाळत घातल्याचे सांगते, नर्मदेला आलेल्या पुराचे सांगते, बहिणीला गुडघ्याला तेल लावायला बजावते. नऊ मिनिटे. ती जेथे थांबते, तेथे पुढचा शब्द आधी पुसट ऐकू येतो आणि दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट येतो.

वडिलांनी ती नऊ मिनिटे दोनदा ऐकली. मग कॅसेट हातात घेतली, पेचकसाचे टोक मागच्या कडेला लावले आणि दोन्ही पट्ट्या मोडून टाकल्या.