सुदाम्याची पुरचुंडी

आपल्या उज्जयिनीचा आणि शिदोरीचा संबंध फार जुना आहे. मंगलनाथाच्या वाटेवरील सांदीपनी आश्रमात श्रीकृष्ण आणि सुदामा एकत्र शिकले, अशी आपली परंपरागत श्रद्धा. पुढे संसाराच्या विवंचनेत सापडलेला सुदामा बालमित्राच्या भेटीला द्वारकेस निघाला, तेव्हा त्याच्या पत्नीने शेजारून मागून आणलेले मूठभर पोहे फडक्यात बांधून दिले. कथेतील भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून ती केवळ डॉक्टरच्या नजरेने वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. एवढी दूरची वाट पायी तुडवूनही ते पोहे खाण्याजोगे राहिले.

त्याच श्रीकृष्णाच्या बालपणी गोपाळांचीही एक शिदोरी होती. यमुनेच्या काठी सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करून, दहीभात कालवून, तो काला तिथल्या तिथे वाटून संपवला जाई. म्हणजे आपल्या परंपरेत शिदोरीचे दोन प्रकार आहेत. एक गोपाळांची ओली शिदोरी, जी सकाळी बांधायची आणि लगेच संपवायची. दुसरी सुदाम्याची कोरडी शिदोरी, जी लांबच्या वाटेवर सोबत करते. या दोहोंतील फरक आपण विसरत चाललो आहोत आणि त्याचा परिणाम दर वर्षी मे-जून महिन्यांत माधव नगरमधील माझ्या दवाखान्यात मला दिसतो. सुट्टीहून परतलेली मुले उलट्या-जुलाबांनी मलूल झालेली असतात आणि वडीलधाऱ्यांची साखर, रक्तदाब यांचे गणित पार विस्कटलेले असते. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते, ‘डॉक्टरसाहेब, बाहेरचे काहीच खाल्ले नाही, घरूनच नेले होते!’ घरचे अन्न नेले हे उत्तमच. परंतु कोणते नेले आणि ते किती वेळाने खाल्ले, हा प्रश्न उरतोच.

हा धडा मी पुस्तकात शिकलो नाही. २००४ सालच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईस निघालो होतो. माझे वडील, नाना, तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ ग्लिबेनक्लामाइडची गोळी चालू. निघण्यापूर्वी आई दशम्या करू लागली, तेव्हा मीच तिला थांबवले. ‘आई, या उकाड्यात डबा टिकायचा नाही. वाटेत ताजे काहीतरी घेऊ,’ असे मी मोठ्या अधिकाराने म्हणालो. नानांनी शिस्तीप्रमाणे जेवणाआधीची गोळी घेतली. नेमकी त्यानंतर गाडी दोन स्थानकांच्या मध्ये, अंधारात थांबली आणि बराच वेळ हलेना. जेवण मिळण्याची काही सोय नव्हती.

थोड्या वेळाने नाना उगाच चिडचिड करू लागले, मग गप्प झाले. कपाळावर घाम, हात थरथरणारे आणि बोलणे असंबद्ध. ग्लुकोमीटर जवळ होता म्हणून निदान तरी झाले. साखर ५२ निघाली. आमच्याजवळ खाण्याचे होते ते फक्त लग्नघरी न्यायचे बेसनाचे लाडू. एक लाडू भरवला, पण तुपातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो हे मला ठाऊक होते आणि तो एकेक क्षण जड जात होता. माझ्या बॅगेत स्टेथोस्कोप होता, रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते, साखर मात्र नव्हती. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी काही न विचारता आपल्या बटव्यातून खडीसाखर काढली, पितळी फुलपात्रात पाण्यात चुरडून विरघळवली आणि म्हणाल्या, ‘घ्या हो, हळूहळू पाजा त्यांना.’ नाना शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून ते शक्य झाले. पंधरा-वीस मिनिटांत ते ओळखीचे बोलू लागले. या गोळीचा अंमल बराच काळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरण्याची भीती होतीच. तीही आजींनीच निवारली. त्यांच्या फडक्यात दशम्या आणि दाण्याची कोरडी चटणी होती. नाना जेवले. मी रात्रभर दर दोन तासांनी त्यांची साखर तपासत राहिलो. समोर आई जागी होती. ती मला एका शब्दानेही बोलली नाही.

त्या रात्रीनंतर मी आपल्या जुन्या शिदोरीकडे आदराने आणि चिकित्सेनेही पाहू लागलो.

अन्न नासते ते केवळ उष्णतेने नव्हे. जंतूंना उष्णतेबरोबर पाणी लागते. अन्नात जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी किती आहे, हे शास्त्रज्ञ शून्य ते एक अशा मोजपट्टीवर मोजतात. हा आकडा ०.८५ च्या खाली गेला की स्टॅफिलोकॉकस हा जंतू आपले विष तयार करू शकत नाही आणि ०.६ च्या खाली कोणताही जंतू किंवा बुरशी वाढत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ही मोजपट्टी ठाऊक नव्हती. पण भाजणे, वाळवणे, गुळाच्या पाकात बांधणे, मीठ-तेलात मुरवणे या त्यांच्या साऱ्या युक्त्या मोकळे पाणी कमी करण्याच्याच होत्या. शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी दक्षिणेशी नाते राखले ते बैलगाडीच्या आणि घोड्याच्या प्रवासाने. त्या वाटांवर पोहे, सातू, मेतकूट, गूळ-दाणे हेच खरे सोबती.

याउलट भात, उसळ, बटाट्याची ओली भाजी, पनीर, ओल्या नारळाची चटणी यांत पाणी भरपूर. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासाची धरावी, असा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे; आपल्याकडे तर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. भातातील बॅसिलस सिरियस या जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि त्याचे उलटी घडवणारे विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘गरम करून खाल्ला, मग काय होणार?’ हा युक्तिवाद पुलावाच्या बाबतीत फसवा ठरतो. त्यातच डबा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत राहिला, तर विचारायलाच नको.

तेव्हा ओंकारेश्वर, महेश्वर किंवा मांडूची एका दिवसाची सहल असेल, तर गोपाळांची शिदोरी जरूर न्यावी. पण ती बर्फाच्या पेटीत ठेवावी किंवा निघाल्यावर पहिल्याच थांब्यावर संपवावी. काकडी घरून धुऊन न्यावी आणि खाताना चिरावी. केळी, मोसंबी अशी स्वतः सोलून खाण्याची फळे उत्तम. कापून ठेवलेले कलिंगड मात्र घरचे असो वा गाडीवरचे, उन्हाळ्यात त्याच्या वाटेस जाऊ नये.

रात्रभराच्या किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला मात्र सुदाम्याचीच पुरचुंडी हवी. आमच्या घरी ती अशी बांधली जाते.

पहिली दशमी. कणीक किंवा ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून ती करतात. दुधात भिजवलेले पीठ खरकटे मानले जात नसे, म्हणून सोवळ्याओवळ्याच्या काळी ती प्रवासात चालत असे. शिवाय ती मऊही राहते. दशमी पातळ लाटावी, दोन्ही बाजूंनी नीट भाजावी आणि मुख्य म्हणजे पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या सुती फडक्यात बांधावी. गरम दशम्या डब्यात कोंबल्या की वाफेचे पाणी होते आणि सारी मेहनत वाया जाते. सोबत दाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी असावी. दशमी पूर्ण कोरडी नसते, म्हणून रात्रीच्या आणि फार तर दुसऱ्या सकाळच्या खाण्यापुरतीच न्यावी.

दुसरा भाजक्या पोह्यांचा चिवडा. पातळ पोहे उन्हात तापवून कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत करावेत. अर्धा किलो पोह्यांना चार-पाच मोठे चमचे तेलाची फोडणी पुरते. कढीपत्ता, दाणे, डाळं सढळ घालावे, मीठ बेतानेच. पोहे-शेव हा आम्हा माळव्यातील लोकांचा जीव की प्राण आणि रतलामी शेवेला तर भौगोलिक मानांकनही आहे. पण ती चवीपुरती भुरभुरावी, तिने पोट भरू नये. दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने प्रवासात शेव, पापड, लोणचे एकत्र खाल्ले की हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही.

तिसरे सातूचे पीठ. दोन वाट्या डाळं आणि एक वाटी खमंग भाजलेले गहू दळून त्यात थोडी जिरेपूड घालावी. दोन मोठे चमचे पीठ पेलाभर पाण्यात कालवून, लिंबू पिळून घेतले की भूक आणि तहान दोन्ही शमतात. लहानग्यांसाठी यातच गूळ घालावा. मात्र पाणी खात्रीचे हवे. कोरड्या शिदोरीला दगा देते ते बहुधा पाणीच. कैरीच्या पन्ह्याचेही तसेच. उकडलेल्या कैरीचा गर गूळ, मीठ व वेलदोडा घालून शिजवून, थंड ठेवलेल्या बाटलीत न्यावा आणि घरच्या उकळलेल्या पाण्यातच कालवावा.

चौथे दाण्याचे लाडू. दोन वाट्या भाजलेल्या दाण्यांचे कूट, पाऊण वाटी गूळ, मूठभर भाजलेले तीळ. पाकाची गरज नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. येथे दोन सूचना. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा समज मधुमेह्यांनी सोडून द्यावा. त्यांनी लाडवाऐवजी नुसते दाणे किंवा फुटाणे घ्यावेत. आणि पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे दाणे व फुटाणे मुळीच देऊ नयेत. हिंदकळत्या गाडीत, हसता-रडताना दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना कुटाचा मऊ लाडूच बरा.

या चारांच्या जोडीला एक छोटी पुडी मी डॉक्टर म्हणून आग्रहाने बांधायला लावतो. तिच्यात साखर किंवा खडीसाखर आणि जीवनरक्षक क्षारांची, म्हणजे ओआरएसची, दोन पाकिटे असतात. मधुमेह्याची साखर ७० च्या खाली गेली आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि सुधारणा होताच पोटभर खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. जेवण प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नये, हा नियम नानांच्या उदाहरणाने मी कायमचा शिकलो.

ओआरएसची थोरवी नव्याने सांगायला नको. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतील सलाइन अपुरे पडताच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. आजच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अंदाजाने अर्धे पाकीट पेल्यात टाकणे बाळाला घातक ठरू शकते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. बाजारातील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हेत. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने.

वाचकहो, २०२८ मध्ये आपल्या नगरीत सिंहस्थ आहे. त्या निमित्ताने ऐन उन्हाळ्यात आपल्या घरी पुण्या-मुंबईचे, नागपूर-ग्वाल्हेरचे पाहुणे येतील आणि परत जाताना आपल्या हातचा डबा नेतील. आम्हां डॉक्टर मंडळींनीही प्रवासाला निघालेल्या रुग्णाच्या औषधांच्या चिठ्ठीखाली एक ओळ लिहायला हरकत नाही, ‘डब्यात काय नेणार?’

नाना आज नाहीत. आईचे हात थकले आहेत. पण घरातून कोणी लांबच्या गावी निघाले की ती अजूनही फडके मागते, दशम्या गार झाल्या की नाही ते हात लावून पाहते आणि कोपऱ्यात खडीसाखरेची पुडी बांधते. त्या वेळी मी तिला थांबवत नाही. फडक्याची गाठ घट्ट बसावी म्हणून तिच्यावर बोट ठेवतो.