जुनी क्लासिक कार घेताना: इंजिनाआधी चॅसी आणि कागद

जिनिंगच्या गोदामात ताडपत्रीखाली जुनी हेराल्ड उभी आहे, अशी खबर लागली की खामगाव-चिखलीकडच्या हौशी माणसाची झोप उडते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून बनवलेली ही गाडी दिसायला साधी, पण घराणं मोठं. इटलीच्या मिकेलोत्तीने तिचा आकार घडवला. तिच्याच आखूड केलेल्या चॅसीवर इंग्लंडमध्ये 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार तयार झाली. म्हणून हेराल्ड तपासता आली की स्पिटफायरही बरीचशी तपासता येते. मात्र अशा सौद्यांत काही समजुती फार महाग पडतात.

गैरसमज: एका झटक्यात सुरू झाली म्हणजे गाडी चांगली.

वस्तुस्थिती: विकणाऱ्याने सकाळीच इंजिन तापवून ठेवलेलं असू शकतं. आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. गरम लागलं तर सौदा दुसऱ्या दिवशीवर ढकला. थंड इंजिन सुरू करून धुराकडे लक्ष द्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरा. तरीही इंजिन हा दुय्यम प्रश्न आहे. ते पुन्हा बांधता येतं. सडलेल्या चॅसीचं काम त्याहून कितीतरी अवघड.

गैरसमज: मुंबईची गाडी गंजते, आपल्या कोरड्या हवेतली नाही.

वस्तुस्थिती: खारी हवा लोखंड खाते हे खरं. पण आपली काळी मातीही कमी नाही. चॅसीच्या सांदीकोपऱ्यांत बसलेला चिखल पावसाळाभर ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून कुजत जातो. हेराल्डची बॉडी वेगळ्या चॅसीवर बोल्टांनी बसवलेली असते, त्यामुळे वरून चकाचक दिसणाऱ्या गाडीखाली चॅसी पोकळ झालेली असू शकते. चॅसीपासून बाजूला निघणारे आडवे हात, दारांखालच्या पट्ट्या आणि डिकीचा तळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा. ते जिथे चिकटणार नाही, तिथे रंगाखाली जाड लांबी भरलेली आहे. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या कारची बॉडी फायबरची असल्याने तिथे चुंबकाचा उपयोग नाही. खालचा सांगाडाच पाहावा लागतो.

गैरसमज: पुढच्या चाकांना ग्रीस भरलं की काम झालं.

वस्तुस्थिती: हेराल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये, खालच्या बाजूला, आटे असलेला, ट्रनियन नावाचा पितळी सांधा असतो. त्याला ग्रीस नव्हे, 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, आत पाणी शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस उभा दांडा तुटून चाक आडवं पडतं. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा, आणि आत काय भरत आलात हे मालकाला विचारा. उत्तर ‘ग्रीस’ असेल तर दांडे आणि ट्रनियन बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

गैरसमज: जुन्या गाडीला कुठलंही पेट्रोल चालतं.

वस्तुस्थिती: आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषतं आणि जुने रबरी पाइप, सील खराब करतं. पेट्रोलचा वास येतो का, पाइपांना चिरा आहेत का, टाकीत गंज आहे का, हे पाहाच.

गैरसमज: 15 वर्षं झाली की गाडी भंगारात.

वस्तुस्थिती: वयावरून खासगी गाडी रस्त्यावरून हटवण्याचा वाद दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे 15 वर्षांनंतर तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते. पर्यावरण कर वेगळा. 20 वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे आणि आयात केलेल्या कारसाठी 80,000. आरसीची मुदत कधी संपली, हे सौद्याआधीच पाहा.

गैरसमज: पन्नाशी ओलांडली की गाडी विंटेज, मग कुठेही फिरवा.

वस्तुस्थिती: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच विंटेज ठरते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

गैरसमज: सह्या केलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म हातात आले की गाडी आपली.

वस्तुस्थिती: परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. बुऱ्हाणपूरकडून मध्य प्रदेश पासिंगची गाडी आणत असाल तर तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी घ्या. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर आणि कर लागतोच. चॅसीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबर खरवडलेला किंवा नव्याने कोरलेला वाटला, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: पहिले कागद, मग चॅसी, मग चाकं आणि सगळ्यात शेवटी इंजिन. गाडी पाहायला जाताना बॅटरी, चुंबक आणि जमिनीवर अंथरायला एक पोतं घेऊन जा. खाली झोपून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.